‘घोळ घातला’ इंग्रजीत कसं सांगायचं? फोनवरच्या चार फुकट कोशांची झडती

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीतून ड्रॉइंगच्या नव्या आवृत्तीच्या, म्हणजे रिव्हिजन ‘सी’च्या ऐवजी जुन्या रिव्हिजन ‘बी’चे कास्टिंग रवाना झाले, की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "घोळ झाला." दुसरंही ठरलेलं: "कुणी घातला?" मेल मात्र परदेशातल्या ग्राहकाला इंग्रजीत जायचा असतो. मग डिस्पॅचचा पोरगा फोन काढतो आणि विचारतो, "साहेब, वी स्क्रूड अप लिहू काय?"

लिहू काय, याचं उत्तर देणारा कोश कोणता, एवढ्यापुरतं हे परीक्षण आहे. फुकट मिळणारे आणि फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारे चार कोश घेतले: ऑक्सफर्डचा विद्यार्थी कोश, लाँगमन, कॉलिन्स कोबिल्ड आणि अमेरिकेचा मेरियम-वेब्स्टर. चौघांना तीनच शब्द टाकले: मेस अप, स्क्रू अप, स्लिप अप. तिन्हींचा ढोबळ अर्थ ‘चूक करणे’. अर्थ चौघेही देतात, त्यामुळे अर्थाला गुण ठेवले नाहीत. गुण ठेवले ते माणूस प्रत्यक्षात जिथे अडकतो तिथे: कर्म कुठे बसवायचं, शब्द कुणासमोर काढायचा, नाम कसं लिहायचं आणि तोंडाने कसा म्हणायचा.

आधी एक खबरदारी, कारण निम्मे लोक इथेच वाट चुकतात. शोधायच्या चौकटीत नुसतं ‘मेस’ टाकू नका. आधी नाम येतं, पसारा आणि घाण असे अर्थ येतात, आणि आपल्याला हवं ते खाली कुठेतरी राहतं. दोन्ही शब्द मधे जागा सोडून टाका. क्रियापद भूतकाळात टाकू नका. ‘स्क्रूड-अप’ हे वेगळं विशेषण आहे, त्याचा अर्थ मनाने विस्कटलेला माणूस किंवा चुरगळलेला कागद. आणि मधे जोडरेघ टाकली तर क्रियापद सोडून नाम समोर येतं. एका रेघेचा फरक, पण ‘स्क्रू अप’ म्हणजे घोळ घालणे आणि ‘स्क्रू-अप’ म्हणजे घोळ. अमेरिकन बोलण्यात तर सारखा घोळ घालणाऱ्या माणसालाही ‘स्क्रू-अप’ म्हणतात. मेलमध्ये सहकाऱ्याबद्दल ते चुकून गेलं तर दुसरा घोळ तयार.

लाँगमन

चौघांत उजवा हाच. हा कोश पहिल्यांदा १९७८ साली निघाला, आणि तेव्हापासून त्याची एक शिस्त आहे: व्याख्या साधारण २००० सोप्या शब्दांत बसवायची. त्यामुळे ‘स्क्रू अप’चा अर्थ वाचताना दुसरा कोश उघडावा लागत नाही. दहावीचं इंग्रजी ज्याला बेताचं जमलंय, त्यालाही ती ओळ कळते.

पण खरी किंमत आहे एका बारक्या खुणेची. क्रियापद आणि ‘अप’ यांच्या मधे दोन्हीकडे टोकं असलेला बाण दिसतो. पुष्कळजण त्याला छपाईची नक्षी समजून पुढे जातात. तो सांगतो की कर्म मधेही चालतं आणि शेवटीही चालतं. म्हणजे ‘वी मेस्ड अप द ऑर्डर’ बरोबर आणि ‘वी मेस्ड द ऑर्डर अप’ हेही बरोबर. पण कर्माच्या जागी ‘इट’, ‘देम’ असं सर्वनाम आलं की सूट संपली, ते मधेच बसतं. ‘मेस्ड इट अप’ म्हणायचं, ‘मेस्ड अप इट’ कधीच नाही. कोल्हापुरातल्या व्यावसायिक मेलांत ही चूक फार दिसते, कारण ज्याने शब्द पाठ केला त्याने ‘मेस अप’ असा एकच ठोकळा पाठ केलेला असतो, आणि ठोकळ्याच्या मधे काही घालायचं त्याच्या मनातच येत नाही.

‘स्लिप अप’ला मात्र हा बाण नाही, आणि नसण्यातच सगळं आलं. त्याला कर्म लागतच नाही. ‘आय स्लिप्ट अप द डेट’ हे वाक्य होत नाही. ‘आय स्लिप्ट अप ऑन द डेट’ होतं. मधला ‘ऑन’ म्हणजे आपल्या ‘तारखेत चुकलो’मधला ‘त’. मराठीत ‘तारीख चुकलो’ कानाला खटकतं, तसंच ते त्यांना खटकतं. मराठी माणसाला हे खरं तर आयतं समजायला हवं.

आणखी एक सोय म्हणजे आवाज. शब्दाशेजारी दोन भोंगे असतात, लाल ब्रिटिश आणि निळा अमेरिकन. आणि बऱ्याच उदाहरणवाक्यांपुढेही भोंगा असतो, म्हणजे अख्खं वाक्य ऐकता येतं. हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे भूतकाळाचा उच्चार हमखास ‘मेसेड’, ‘स्लिपेड’ होतो. खरा उच्चार ‘मेस्ट’ आणि ‘स्लिप्ट’, आणि पुढचा ‘अप’ त्याला चिकटून येतो: ‘मेस्टप’. ‘स्क्रू’ला मात्र ‘ड’च राहतो: ‘स्क्रूडप’. क्रियापद असेल तर जोर ‘अप’वर, नाम असेल तर ‘स्क्रू’वर. दोनदा मोठ्याने वाचलं की जीभ वळते.

तक्रार एकच. ‘स्क्रू अप’च्या नोंदीत पाच-सहा अर्थ एकाखाली एक आहेत: घोळ घालणे, काहीतरी बिघडवणे, डोळे बारीक करून तोंड आक्रसणे, कागद चुरगळणे, धीर गोळा करणे, एखाद्याच्या मनाची वाट लावणे. फोनच्या पडद्यावर पहिला वाचला की बाकीचे अंगठ्याखाली जातात. घाईत असाल तर ज्या अर्थापुढे कर्म आहे तो आधी बघा, निम्म्या अडचणी तिथेच सुटतात. पाचापैकी साडेचार.

कॉलिन्स कोबिल्ड

याची तऱ्हा वेगळी. व्याख्याच पूर्ण वाक्यात असते: तुम्ही एखादी गोष्ट स्क्रू अप केली, तर ती तुमच्यामुळे फसते किंवा बिघडते, अशा धर्तीची. १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या प्रकल्पातून हा कोश आला तेव्हा ही पद्धत नवी होती. उपयोग असा, की व्याकरणाची खूण न वाचताही वाक्यावरून कळतं की कर्ता माणूस असतो, कर्म वस्तू किंवा काम असतं, आणि दोष कर्त्याकडे जातो.

हा शेवटचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. मराठीत आपण चुकीला पायावर उभं करतो. चूक ‘होते’, घोळ ‘होतो’, माशी ‘शिंकते’. फार तर ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणतो. तिथेही कर्ता चूकच, आपण नुसते ‘कडून’. म्हणूनच ‘मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम माय साइड’ हे वाक्य आपल्या हातून इतकं सहज उतरतं. व्याकरणाने ते फार चुकीचं नाही, पण वाचणाऱ्याला वाटतं की हा गडी अंग चोरतोय. ‘आय मेस्ड अप’ मध्ये अंग चोरायला जागाच नाही. दोन-तीन शब्दांत मी, माझं कृत्य, संपलं. कोबिल्डची वाक्यातली व्याख्या हे न बोलता शिकवते, कारण तिची सुरुवातच ‘तुम्ही’ने होते.

ज्याला खरंच कुणावर ठपका ठेवायचा नाही, त्याला इंग्रजीत दुसरा शब्द आहे, ‘मिक्स-अप’. हुपरीच्या चांदीच्या कामात दोन ग्राहकांचे पैंजण एकमेकांच्या पाकिटात गेले, तर ‘देअर वॉज अ मिक्स-अप इन पॅकिंग’. दोन वस्तूंची अदलाबदल झाली, एवढंच त्यात आहे. कुणी केली, हे नाही. पण अदलाबदल झालेली असेल तेव्हाच. पैंजणाचा टाका सुटला असेल तर तो ‘मिक्स-अप’ नव्हे, आणि तसं लिहिलं तर ग्राहक बरोबर ओळखतो.

कॉलिन्सच्या साइटची अडचण म्हणजे एकाच पानावर दोन-तीन कोश एकाखाली एक मांडलेले असतात. वर कोबिल्ड, खाली त्यांचा मोठा ब्रिटिश कोश, त्याखाली अमेरिकन. खाली सरकत गेलात की कळत नाही आपण कुठल्या कोशात आलो. आपल्या कामाचं पहिल्या भागात असतं, तिथून पुढे जाऊ नका. शैलीचा शिक्का, म्हणजे शब्द औपचारिक की अनौपचारिक हे सांगणारी खूण, चौकटी कंसात व्याख्येच्या शेवटी येते, तोही वाचून घ्या. पाचापैकी चार.

ऑक्सफर्ड

जाड पुस्तकाच्या रूपात हा कोश गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात वाटला जातो आणि मग शोकेसमध्ये बसतो. फुकट वेबसाइटवर तोच माल आहे. अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं. याचा मूळ कर्ता हॉर्नबी. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना त्याने हा कोश रचला, १९४२ साली तो तिथेच छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. परक्या भाषेतून इंग्रजीत येणाऱ्यासाठी बनवलेला कोश आहे, आणि ते पानोपानी जाणवतं: क्रियापद कुठल्या साच्यात बसतं हे सांगण्याचा हट्ट, आणि व्याख्येसाठी साधारण ३००० नेमके शब्द.

तीन शब्दांच्या परीक्षेत ऑक्सफर्ड सर्वांत बरा ठरतो तो शिक्क्यांत. अनौपचारिक, स्लँग, निषिद्ध असे वेगवेगळे शिक्के तो मारतो, आणि शब्द ब्रिटिश की अमेरिकन तेही सांगतो. ‘स्लिप अप’, ‘मेस अप’ आणि ‘स्क्रू अप’ एका जागी बसणारे शब्द नाहीत, हे या शिक्क्यांशिवाय कळणं अवघड. आपल्या कानाने मोजायचं तर साधारण असं पडेल: नजरचुकीने एखादी गोष्ट राहून गेली, तर ‘स्लिप अप’. घोळ घातला, काम गंडलं, तर ‘मेस अप’. वाट लावली, माती खाल्ली, तर ‘स्क्रू अप’. आणि ‘शेण खाल्लं’ म्हणतो तिथे ते लोक एफ अक्षराचा शब्द वापरतात. तो इथे छापत नाही आणि मेलमध्येही छापू नये. आपल्या ‘इस्कोट’साठी मात्र ‘मेस अप’च बरा, कारण त्यात विस्कटण्याचाही अर्थ आहे. वाऱ्याने केस विस्कटले तरी ‘मेस्ड अप’ आणि पोराने कपाट उपसलं तरी ‘मेस्ड अप’.

एका मुद्द्यावर कोशाकोशांत मतभेद दिसतात. ‘स्क्रू अप’ला कुणी नुसतं अनौपचारिक म्हणतं, कुणी स्लँग. दोघेही खोटे नाहीत. ‘स्क्रू’ या क्रियापदाला इंग्रजीत एक अश्लील अर्थही आहे, आणि ‘अप’ लावला तरी त्याची सावली काही कानांना जाणवते. अमेरिकेतला खरेदी व्यवस्थापक दर आठवड्याच्या कॉलवर स्वतः ‘वी स्क्रूड अप’ म्हणत असेल, तर तुम्हीही म्हणू शकता. तो म्हणेपर्यंत ‘मेस अप’वर थांबा. पहिल्यांदाच मेल करताय, तर दोन्हीपासून लांब राहा.

ब्रिटिशांचा एक शब्द इथे आठवण करून देण्यासारखा आहे: ‘कॉक-अप’. त्यांच्याकडे ऑफिसातही हसत बोलला जातो, पण पहिलाच भाग इतका उघडा की अनोळखी माणसाने तो वापरला तर समोरचा दचकतो. समजून घ्यायला ठीक. वापरायला, बर्मिंगहॅममध्ये पाच वर्षं काढल्यावर.

पाचापैकी चार. अर्धा गुण कापला तो फोनवर नोंद दोन-तीन टप्प्यांत उघडावी लागते म्हणून, उरलेला अर्धा असाच, लाँगमनने वाक्यं वाचून दाखवून मन जिंकल्यामुळे.

मेरियम-वेब्स्टर

कोश म्हणून दांडगा, पण तो आपल्यासाठी नाहीच. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याच्यासाठी लिहिलेला. ‘स्क्रू अप’ म्हणजे काय, तर ‘बंगल’, ‘बॉच’. आता हे दोन शब्द कुणाला येतात? त्यांचा अर्थ बघायला गेलात की तिसराच शब्द हातात पडतो. कुणी पत्ता विचारल्यावर "पलीकडच्या गल्लीत विचारा" म्हणावं, तसं.

मग याची नोंद कशाला? शब्दाची कुळी सांगण्यासाठी. विद्यापीठाच्या होस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला ‘मेस’ हा शब्द जेवणाच्या तासाला आठवतो. ती मेस आणि ‘मेस अप’मधली मेस एकच. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा ‘मेस’ म्हणजे ताटात वाढलेला पदार्थ. मग एकत्र बसून जेवणाऱ्यांचा गट. दुसऱ्या फांदीवर पदार्थाचा झाला कालवलेला पदार्थ, मग नुसताच काला, मग पसारा, आणि पसाऱ्यातून घोळ. आमटी-भात कालवून ठेवलेलं ताट डोळ्यांपुढे आणलं की ‘मेस अप’ पुन्हा विसरायला होत नाही. पाठांतराच्या दहा याद्यांनी जे होत नाही ते अशा एका ओळीने होतं, आणि त्या ओळीसाठी हा कोश उघडावा. शिकण्यासाठी पाचापैकी अडीच. रविवारी दुपारी चाळायला पाच.

झेरॉक्स यादी आणि भाषांतराचं अ‍ॅप

राजारामपुरीच्या गल्ल्यांत क्लासच्या पाट्या जितक्या, तितकीच झेरॉक्सची दुकानं. तिथे मिळतात त्या ‘५०० महत्त्वाच्या फ्रेजल व्हर्ब्ज’ छापाच्या स्पायरल वह्या. फ्रेजल व्हर्ब म्हणजे ‘मेस अप’सारखं, ‘अप’, ‘ऑन’ असा शब्द जोडून बनलेलं क्रियापद. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ‘मेस अप’ पुढे ‘चूक करणे’, ‘स्क्रू अप’ पुढे ‘चूक करणे’, ‘स्लिप अप’ पुढेही तेच. पाठ करायला सोपी म्हणून खपते. पण कर्माची खूण नाही, शिक्का नाही, उदाहरण असलंच तर एक. यादी पाठ केलेला उमेदवार मुलाखतीत तिन्ही शब्द एकाच भावात विकतो. स्पर्धा परीक्षेच्या जोड्या लावा प्रश्नापुरती ठीक, बोलायला-लिहायला नाही.

भाषांतराच्या अ‍ॅपची गोष्ट निराळी. ‘माझ्याकडून घोळ झाला’ टाकलं की वाक्य मिळतं, बऱ्याचदा बरंच चांगलं मिळतं. पण त्या वाक्यावर शिक्का नसतो. ते मित्राला पाठवण्यासारखं आहे की ग्राहकाला, हे अ‍ॅप आपणहून सांगत नाही. तेव्हा अ‍ॅपने दिलेलं क्रियापद उचला आणि लाँगमनमध्ये टाकून बघा. तीस सेकंदांचं काम.

आता त्या मेलकडे

रिव्हिजनचा घोळ पुन्हा घेऊ, कारण कोश कितीही चांगला असला तरी एक निर्णय तो घेत नाही: फ्रेजल व्हर्ब वापरायचाच का?

डिस्पॅचच्या पोराने लिहिलं होतं ते असं: ‘डिअर सर, मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम अवर साइड, वी स्क्रूड अप द रिव्हिजन, काइंडली अ‍ॅडजस्ट.’ यात तीन गोष्टी एकमेकींशी भांडतायत. पहिला भाग अंग चोरतो. दुसरा भाग छाती ठोकून सांगतो, तेही मित्राच्या भाषेत. तिसरा भाग परत मान खाली घालतो आणि ग्राहकालाच निस्तरायला लावतो. वाचणाऱ्याला कळत नाही हा माफी मागतोय, गप्पा मारतोय की विनवतोय.

लेखी मेलला असं पुरे: ‘वी शिप्ड द पार्ट्स टु रिव्हिजन बी इन्स्टेड ऑफ रिव्हिजन सी. द एरर वॉज अवर्स. करेक्टेड पार्ट्स विल शिप ऑन थर्सडे.’ एकही फ्रेजल व्हर्ब नाही. काय झालं, कुणाचं, पुढे काय. तोच माणूस संध्याकाळी कॉलवर भेटला आणि वर्षभराची ओळख असली, तर तिथे ‘सॉरी, वी मेस्ड अप द रिव्हिजन’ अगदी चपखल. तिथे ‘द एरर वॉज अवर्स’ म्हटलं तर वकिलाच्या नोटिशीसारखं लागेल.

तक्रारीवर एट-डी रिपोर्ट, म्हणजे चुकीचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा आठ टप्प्यांचा अहवाल, द्यायचा असेल तर त्यात या कुटुंबातला एकही शब्द नको. ‘ऑपरेटर मेस्ड अप’ हे मूळ कारण नसतं, ती नुसती चिडचिड असते. जुनं ड्रॉइंग शॉपवरून काढून घेतलं नव्हतं, हे कारण. ‘मेस अप’ कारणाऐवजी माणसाकडे बोट दाखवतं, आणि एट-डी वाचणारा नेमकं तेच शोधून पुढचा प्रश्न विचारतो.

जर्मन किंवा जपानी ग्राहक असेल तर आणखी सोपं लिहा. इंग्रजी त्यांचीही परकीच आहे. ‘स्लिप अप’ ऐकून कुणी घसरून पडलं की काय, असं एखाद्याला वाटू शकतं. ‘मेक’ आणि ‘मिस्टेक’ यांची जोडी जगात कुठेही कळते. फक्त ‘डिड अ मिस्टेक’ नको. चूक ‘मेक’ होते, ‘डू’ होत नाही. मराठीतला ‘करणे’ दोन्हीकडे चालतो म्हणून इथे पाय घसरतो.

आणि शिरोलीच्या मशीन शॉपसाठी एक खास इशारा. असेंब्लीच्या सूचनेत ‘स्क्रू अप द कव्हर’ असं लिहिलेलं आढळतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, कव्हर स्क्रूने घट्ट बसवा. घट्ट करण्याचा तो अर्थ जुन्या कोशांत आहेही. पण आज परदेशी फिटर ते वाचून आधी हसेल, कारण त्याच्या कानाला ते ‘कव्हरची वाट लावा’ असं ऐकू येतं. तिथे ‘स्क्रू द कव्हर ऑन’ किंवा ‘टाइटन द स्क्रूज’ लिहा. ‘ऑन’ आणि ‘अप’ एवढाच बदल, आणि कव्हर वाचतं.

कुणी कोणता उघडावा

निर्यातीच्या मेलवर बसलेल्यांनी लाँगमन बुकमार्क करून ठेवावा आणि शिक्का तपासायला ऑक्सफर्ड. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी उलट करावं: आधी ऑक्सफर्ड, मग बोलण्याच्या चाचणीसाठी लाँगमनमधली वाक्यं कानाला लावून म्हणावीत, तिथे ‘मेस अप’ बिनधास्त चालतो, निबंधात मात्र ‘मेक अ मिस्टेक’ किंवा ‘फेल’वर राहावं. शिक्षकांना कोबिल्ड आवडेल, कारण त्यातली व्याख्या तशीच फळ्यावर लिहिता येते आणि कर्ता-कर्म वेगळं शिकवावं लागत नाही. मुलाखतीला निघालेल्यांनी ‘स्क्रू अप’ घरीच ठेवून जावं. समोरच्याने ‘टेल अस अबाउट अ टाइम यू मेस्ड अप’ असं विचारलं, तर त्याचा शब्द एकदाच परत करायचा आणि मग सरळ घडलेलं सांगायचं.

नोंद वाचताना क्रम मात्र एकच ठेवा: आधी शिक्का, मग बाण, मग उदाहरण मोठ्याने, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. तो तर तुम्हाला आधीच माहीत असतो.